पाठीला पटेपर्यंत

आमच्या डायनिंग टेबलाच्या खालच्या अंगाला सुताराच्या पेन्सिलीने एक बाण काढलेला आहे आणि बाणाच्या टोकाशी लिहिलंय, 'ऊपर'. बाजूला दोन आकडे एकाखाली एक मांडून वजाबाकी केलेली आहे. ती चुकली असावी, कारण खोडून पुन्हा केलीय. एका कोपऱ्यात प्लायवूडचा निळा शिक्का, अर्धाच उमटलेला. दुसऱ्या कोपऱ्यात मुलाने शाळेत असताना चिकटवलेलं क्रिकेटपटूचं स्टिकर. टेबल कीर्तीनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेलं. इतकी वर्षं त्यावर जेवलो, मटार सोलले, मुलाच्या वह्यांना कव्हरं घातली, पण त्याची ही बाजू मी कधी पाहिली नव्हती. आता रोज पाहते, कारण रोज संध्याकाळी काही मिनिटं माझं डोकं जमिनीपासून हातभर अंतरावर असतं आणि पाय वर.

हॉलमध्ये टेबल आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत इन्व्हर्जन टेबल उभं आहे. यंत्र तसं साधं. लोखंडी नळ्यांची चौकट, दोन्हीकडे पाय फाकून उभी. मधल्या आडव्या आसावर पाठ टेकायची फळी डुलते. खाली पाय ठेवायला पट्टी आणि घोट्यांना पुढून-मागून धरणारे फोमचे रूळ. आधी आपल्या उंचीप्रमाणे दांडा ओढून भोकात खीळ बसवायची, मग घोटे अडकवायचे, खटका लागल्याचा आवाज ऐकायचा. तो ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. पाठ फळीला टेकवून दोन्ही हात सावकाश डोक्यामागे न्यायचे. हातांचं वजन आसाच्या पलीकडे गेलं की तोल सरकतो आणि फळी मागे झुकते. हात पोटाशी आणले की माणूस परत उभा. किती मागे जायचं त्याला खालून पट्टा बांधलेला असतो. माझा पट्टा साठ अंशांच्या आसपास थांबतो. त्याच्या पलीकडे जायची मला गरज वाटलेली नाही.

तयारीलाच थोडा वेळ लागतो. चष्मा काढायचा. केसांतला क्लिप काढायचा, नाहीतर तो फळीवर टोचतो. कुर्ता सलवारीत खोचायचा. मंगळसूत्र उलटं घसरत हनुवटीवर आणि तिथून ओठांवर येतं. पहिल्यांदा मी त्याची वाटी दातांत धरून ठेवली होती. आता ते आधीच काढून खिडकीच्या कडीला अडकवते. नवरा शेजारी खुर्ची घेऊन बसतो. एकटीने टांगून घ्यायचं नाही, हा मेरठच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने घातलेला नियम. तो तेवढ्यात पेपर वाचून घेतो आणि मधूनमधून विचारतो, "ठीक आहेस ना?"

पाठ गेली ती जानेवारीत. दिल्लीच्या जानेवारीत अंग सकाळी सकाळी आखडलेलंच असतं. रजईतून बाहेर येताना खांदे कानांपाशी जातात ते दुपारपर्यंत खाली येत नाहीत. आम्ही राहतो इंदिरापुरमला, म्हणजे उत्तर प्रदेशात. माझं काम दर्यागंजात, एका प्रकाशनगृहात, मजकूर तपासण्याचं. घरून ई-रिक्षाने वैशाली, तिथून मेट्रोने यमुना ओलांडून मंडी हाउस, तिथे गाडी बदलून दिल्ली गेट. त्या दिवशी ई-रिक्षा एका गतिरोधकावरून आपटली आणि मला शिंक आली, दोन्ही एकाच वेळी. कमरेत काहीतरी चमकलं आणि डाव्या पायातून पोटरीपर्यंत एक तार ओढली गेली. उतरले, पैसे दिले, स्टेशनच्या जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच कठडा धरून उभी राहिले. धुकं इतकं होतं की समोरचा फलक दिसत नव्हता. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होती आणि मला वळून परतही जाता येईना.

दुखणारी पाठ शहराचा नकाशा नव्याने काढते. कुठल्या रस्त्यावर खड्डे आहेत हे मला आधीही माहीत होतं, पण आता ते मणक्यामणक्याने माहीत झालं. मंडी हाउसला गाडी बदलताना सरकता जिना कुठल्या टोकाला आहे, कुठल्या डब्यातून उतरलं तर तो जवळ पडतो, दर्यागंजातल्या कुठल्या चहावाल्याकडे टेकता येईल असा बाक आहे, हे सगळं या काळात शिकले. राज्याची हद्द रोज दोनदा ओलांडणारी लाखो माणसं या भागात आहेत. घर एका राज्यात, हापिस दुसऱ्यात, लेक तिसऱ्यात. त्यातली किती जणं कमरेला पट्टा बांधून निघतात हे मला आता दिसायला लागलं. स्वेटरखालून पट्ट्याची कड वर आलेली असते, आणि उभं राहून प्रवास करणारा माणूस पुढची जागा रिकामी झाली तरी बसत नाही. बसणंच त्याला नको असतं.

बसण्याने पाठ जास्त दुखते, हे मला कळत नव्हतं. उभं राहून कष्ट होतात, बसून आराम मिळतो, असंच लहानपणापासून धरून चाललेलो असतो आपण. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाकेमसन या डॉक्टरांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. आडवं असताना दाब सगळ्यात कमी, उभं असताना त्याहून बराच जास्त, आणि पुढे वाकून बसलं की उभं असण्यापेक्षाही जास्त. म्हणजे कागदांवर वाकून मी जी वर्षं काढली, त्यांत माझ्या कंबरेने हमालाचं काम केलं होतं, आणि तिला कोणी हमाल म्हटलं नव्हतं.

कंबर धरली की सगळ्यांकडे औषध असतं. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटीजी म्हणाल्या, "स्लिप डिस्क है जी, हमारे इनको भी हुआ था," आणि जमिनीवर झोपायचा सल्ला देऊन गेल्या. हापिसातल्या शिपायाने जुन्या दिल्लीतल्या एका पहलवानाचा पत्ता दिला. तिथे हाडं बसवणाऱ्याला पहलवानच म्हणतात, आणि त्यांच्या हातावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवणारी माणसं आहेत. एमआरआय झाला, त्यात खालच्या दोन मण्यांमधली चकती मागे सरकून नसेवर टेकलेली दिसली. गोळ्या झाल्या, शेक झाला, वजनं लावून ताण देणं झालं. वाईहून आईचा रोज फोन यायचा. वीट तापव, फडक्यात गुंडाळ, निर्गुडीचा पाला मिळतो का बघ. इंदिरापुरमला निर्गुडी कुठे मिळणार? पण आईला निर्गुडी नसलेलं गाव ही कल्पनाच करता येत नाही. मग एकदा ती म्हणाली, "पायाळू माणूस असतं ना जवळपास, तर एका सकाळीत काम झालं असतं बघ."

आमच्या आळीत एक पायाळू काकू होत्या. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेल्या. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं आमच्याकडे सगळेच मानायचे, अजूनही मानतात. आजोबांची कंबर धरली की सकाळी सकाळी काकूंना बोलावणं जायचं. आजोबा ओसरीवर घोंगडीवर पालथे पडलेले. काकू यायच्या, कोणाशी काही बोलायच्या नाहीत, भिंतीला हात टेकून उजवा पाय उचलायच्या आणि आजोबांच्या कंबरेवर नुसता ठेवायच्या. दाबायच्या नाहीत. असं तीनदा. मग लगेच खाली वाकून आजोबांना नमस्कार करायच्या, कारण वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला होता. आजोबा पडल्यापडल्याच मान वळवून आशीर्वाद द्यायचे. मग चहा व्हायचा, मग बोलणं सुरू व्हायचं.

मी दारामागून हे बघायचे, आणि मला नेहमी त्या पायाचंच नवल वाटायचं. भेगा पडलेली टाच, बोटांत जोडवी, अंगठ्याचं नख एका बाजूने काळं. तोच पाय एरवी शेणातून, मातीतून फिरायचा. त्या एका क्षणी मात्र आजोबांसारखा करडा माणूस त्या पायाखाली पूर्ण सैल व्हायचा. त्यांच्या पाठीवरच्या शिरा उतरलेल्या मला दिसायच्या. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की काकूंना घराबाहेर पडू देत नसत. पायाळू माणसावर वीज पडते म्हणत. त्या माजघरात, दारं लावून, अंधारात बसायच्या. ज्या वेगळेपणामुळे गाव त्यांच्याकडे यायचा, त्याच वेगळेपणाचं भय त्यांना जन्मभर पुरलं.

आता टांगलेली असताना त्यांची आठवण वेगळ्या वाटेने येते. आपण बहुतेक सगळे जन्माच्या आधीचे शेवटचे काही आठवडे खाली डोकं वर पाय असेच असतो. शंभरातली तीन-चार बाळं तेवढी सरळ बसून राहतात. म्हणजे उलटं असणं हीच आपल्या सगळ्यांची पहिली सवय, आणि सुरुवातीपासून सरळ होता तो एकटा पायाळू. पाठीचं दुखणं घेऊन आपण त्याच्याकडे जातो. ज्या कोणी पहिल्यांदा हे मानलं, त्याच्या मनात काय असेल? मी उत्तर शोधत नाही. पण खाली डोकं करून या गोष्टीचा विचार केला की ती जास्त खरी वाटते, एवढं खरं.

यंत्र घरी आणायच्या आधी डॉक्टरांनी दोन गोष्टी तपासून घ्यायला लावल्या. रक्तदाब, आणि डोळ्यांतला दाब. माझ्या वडिलांना काचबिंदू होता, म्हणून दुसऱ्यावर त्यांचा जास्त भर. उलटं असताना डोळ्यांतला दाब दुपटीच्या आसपास जातो. काचबिंदू, पडदा सरकण्याची भीती, हृदयाचं दुखणं, वाढलेला रक्तदाब, ठिसूळ हाडं यांतलं काही असेल तर या वाटेला जायचंच नाही, असं त्यांनी बजावलं. बरं वाटेल, पण किती आणि किती काळ, ते सांगता येणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्या थोड्या रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला होता, त्यात टांगून घेणाऱ्या तेरांपैकी दहांची शस्त्रक्रिया टळली. "तेरा माणसं म्हणजे काही फार नव्हेत," ते म्हणाले, "पण तुमचे डोळे चांगले आहेत, करून बघा." मला हे बोलणं आवडलं. त्यांनी फार मोठी आशा दाखवली नाही आणि हातात होती ती काढूनही घेतली नाही.

पहिले कित्येक दिवस काहीच झालं नाही. म्हणजे मी टांगलेली असायचे, आणि पाठ मात्र उभीच असायची. पाठीचे स्नायू असे आवळून धरलेले की जणू सगळा देह त्यांनीच लटकवून ठेवलाय. कानांत घूं आवाज, चेहरा जड, गाल डोळ्यांकडे सरकलेले. ती मेरठची फिजिओथेरपिस्ट मुलगी शेजारी उभी राहून म्हणायची, "छोड़िए दीदी, ढीला छोड़िए." मी म्हणायचे, सोडलंय. ती दोन बोटं माझ्या कंबरेवर ठेवायची आणि मान हलवायची, "नहीं छोड़ा." ते खरंच होतं. मला वाटत होतं मी सोडलंय, आणि पाठीने सोडलेलं नव्हतं. दुखावलेली पाठ मालकिणीचंही ऐकत नाही. तिने इतके दिवस एका दुखऱ्या जागेभोवती पहारा दिलेला असतो. कोणीतरी येऊन 'आता निजा' म्हटल्यावर ती लगेच कशी निजेल?

मग एका संध्याकाळी, काही विशेष न करता, कंबरेत खोल कुठेतरी काहीतरी खाली सरकलं. खाली म्हणजे डोक्याच्या दिशेने. आवाज झाला नाही. वीतभर जागेत बोटभर मोकळं झालं असं वाटलं, आणि पायातली ती तार थोडी सैल झाली. डोळ्यांतून पाणी आलं, ते कपाळावरून उलटं वाहत केसांत गेलं. दुखत नव्हतं. दुःखही नव्हतं. इतके महिने आपण काय उचलून धरलं होतं ते हात मोकळे झाल्यावर कळतं, तसं काहीसं. नवऱ्याने पेपर खाली ठेवला. मी म्हटलं, थांब जरा, बोलू नकोस.

मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःची रक्तवाहिनी नसते, हे मला या दुखण्यातच समजलं. मोठ्या माणसाच्या शरीरात अशा तेवीस चकत्या. त्यांना अन्नपाणी पोचतं ते शेजारच्या हाडातून झिरपून. दिवसभर भार पडला की त्यांतलं पाणी पिळलं जातं, रात्री आडवं झालं की त्या परत पाणी शोषून फुगतात. म्हणूनच आपण सकाळी रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर तरी उंच असतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागेना, इतकं ते सुंदर वाटलं. दाब आणि सुटका, दाब आणि सुटका, यावरच त्यांचं जगणं चाललेलं. नुसती सुटकाही त्यांना मानवत नाही. अवकाशात गेलेल्या माणसांची उंची चार-पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते, आणि तिथे वजन नावालाही नसताना पहिल्या काही दिवसांत त्यांतल्या पुष्कळांची पाठ दुखते. राकेश शर्मा १९८४ साली सल्यूत-७ वर गेले तेव्हा त्यांनी तिथे योगासनं केली होती. जिथे वर आणि खाली हाच फरक उरत नाही तिथे केलेलं आसन कसं वाटत असेल, हे त्यांना विचारावंसं मला वाटतं.

पुण्यात कॉलेजला असताना मैत्रिणीबरोबर एकदा मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगारांच्या संस्थेत गेले होते. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले ते पुण्याचेच झाले, आणि १९७५ मध्ये पत्नीच्या, रमामणींच्या नावाने त्यांनी ही संस्था उभी केली. तिथल्या भिंतीत आकडे होते आणि आकड्यांना जाड दोर. एक पांढऱ्या केसांच्या बाई दोराच्या फासात घडी घालून घोंगडी ठेवून, ती कंबरेच्या सांध्यात घेऊन, पाय भिंतीला लावून खाली डोकं करून टांगलेल्या होत्या. हात जमिनीवर नुसते टेकलेले, तोंडावर इतकी शांतता की आम्ही दोघी कुजबुजायच्याही थांबलो. तेव्हा मला त्यांचं शरीर दिसलं, कसब दिसलं. त्यांनी दोरावर किती भरवसा टाकलाय ते आता दिसतं. तो भरवसा एका दिवसात आलेला नसणार. स्वतः अय्यंगारांना १९७९ च्या सुमाराला स्कूटरच्या अपघातात मार बसला आणि येत असलेली आसनं पुन्हा पायरीपायरीने मिळवावी लागली. त्यांच्यासारख्या माणसाच्या शरीरालाही परत पटवावंच लागलं.

पाठ बरी नव्हती त्या दिवसांत एकदा जनपथावरून टॅक्सीने जाताना वर बघितलं. तिथे अर्जुनाची उंच झाडं आहेत आणि त्यांवर वटवाघळांची वस्ती आहे. भरदिवसा शेकड्यांनी लटकलेली, पंख अंगाभोवती गुंडाळून, मधूनच एखादं पंख उघडून वारा घेतं. ही मोठी फळं खाणारी वटवाघळं, पंख पसरले तर चार-चार फूट. त्यांना लटकायला जोर लावावा लागत नाही. शरीराचं वजनच पायातली दोरी ओढतं आणि नख्या फांदीवर आपोआप आवळतात. जेवढं स्वतःला सोडून द्यावं तेवढी पकड घट्ट. जोर लागतो तो सुटताना. लाल दिव्याला टॅक्सी थांबली होती तेवढा वेळ मी मान वर करून बघत राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, चमगादड़ हैं, शीशा चढ़ा लीजिए." मी काच लावली नाही.

आपल्या गोष्टींमध्ये मात्र उलटं लटकणाऱ्यांच्या वाट्याला सुख फारसं आलेलं नाही. वेताळ झाडाला उलटा. वालखिल्य ऋषी फांदीला उलटे, आणि ती फांदी मोडली तेव्हा त्यांना इजा होऊ नये म्हणून गरुड ती चोचीत धरून आभाळभर फिरत राहिला. सगळ्यांत जास्त आत रुतलेली गोष्ट जरत्कारूची. रानात भटकताना त्याला एका खड्ड्यात काही माणसं खाली डोकं करून लोंबकळताना दिसतात. वाळ्याच्या गवताचा एक जुडगा त्यांना तोलून धरतोय आणि एक उंदीर त्याचं मूळ कुरतडतोय. तो विचारतो, तुम्ही कोण? ते त्याचेच पितर निघतात. त्याने संसार केला नाही, वंश खुंटणार, म्हणून ते असे लटकलेले. लहानपणी आजीकडून ऐकली तेव्हा मला उंदराची भीती वाटायची. इथे दिल्लीत, घरापासून इतक्या लांब, मुलगा आणखी लांब गेलेला, फळीवर मागे झुकून डोळे मिटले की कधीतरी त्या पितरांची आठवण होते. त्यांचं वजन कोणावर होतं? त्या काडीवर, की जो त्यांना अजून भेटलाही नव्हता त्या पोरावर? माझ्या घोट्यांना धरणारे रूळ फोमचे आहेत, आणि माझ्या मुलाच्या खांद्यावर माझं काही वजन असू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. आजीने ही इच्छा समजून घेतली असती का, कोण जाणे.

वसंत कुंजात इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर आहे. ते उभं केलं मेजर हरी पाल सिंग अहलुवालिया यांनी. १९६५ च्या मे महिन्यात ते एव्हरेस्टच्या माथ्यावर होते, आणि त्याच वर्षीच्या युद्धात मणक्यात गोळी लागून पुढे जन्मभर चाकांच्या खुर्चीवर राहिले. २०२२ मध्ये गेले. एका वर्षात जगातल्या सगळ्यांत उंच जागी उभं राहणं आणि उभं राहणंच संपणं, दोन्ही ज्या पाठीने पाहिलं, तिच्यापुढे माझी सरकलेली चकती काय? तरी मला वाटतं, दुखण्यांची अशी उंची मोजू नये. त्यांनीही मोजली नसावी. नाहीतर ते इतरांच्या पाठींसाठी इस्पितळ बांधायला बसले नसते.

१७ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे साडेपाचच्या सुमाराला दिल्लीत भूकंप झाला. चार रिश्टरचा, पण केंद्र धौला कुआंजवळ, अगदी शहराखाली, त्यामुळे आधी घरघर ऐकू आली आणि मग पलंग हलला. दुखऱ्या पाठीच्या माणसाचं उठणं म्हणजे एक पद्धत असते. कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, पाय खाली सोडा, हाताने रेटा देत उठा. भूकंप एवढा थांबत नाही. मी वळेपर्यंत सगळं शांतही झालं होतं. खाली सोसायटीच्या बागेत शाली पांघरून जमलेल्या माणसांत सगळ्यांत शेवटी पोचलेली मी, आणि माझ्या मागोमाग नवरा, कारण तो माझ्यासाठी थांबला होता. त्या दिवसापासून त्याने यंत्राजवळची तिपाई उचलून दुसरीकडे ठेवली. वाट मोकळी असावी म्हणून. काही बोलला नाही.

होळीनंतर आई राहायला आली. रस्त्याकडेच्या सावरी लाल झाल्या होत्या. तिची पाठ आता पुढे वाकलीय. उभी राहिली की तिची नजर आपोआप जमिनीकडे जाते, माझ्याशी बोलताना तिला मान वर उचलावी लागते. पहिल्या संध्याकाळी मी टांगून घेतलं तेव्हा ती खुर्ची ओढून माझ्या तोंडाजवळ बसली. मी उलटी, ती वाकलेली, त्यामुळे आमचे डोळे जवळजवळ एका पातळीवर आले. तिने विचारलं, "वजन कुठे जातं गं तेव्हा?" मी म्हटलं, घोट्यांवर. तिला ते पटलं नाही. "घोट्यांवर कसं जाईल? ते कुठेतरी जातच असेल."

दुसऱ्या दिवशी तिने सरळच विचारलं, मला एकदा यावर बसव. तिची हाडं ठिसूळ आहेत. डॉक्टरांच्या यादीत तो शब्द होता. मी नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं. ती रागावली नाही. रात्री मी तिच्या पाठीला शेक दिला, विटेऐवजी गरम पाण्याची पिशवी, आणि निर्गुडीच्या पाल्याऐवजी दुकानातलं तेल. तिच्या कण्याची एकेक गाठ हाताला लागत होती. ती पालथी पडल्यापडल्या आळीतल्या लोकांची खबर देत होती. पायाळू काकू मागच्या दिवाळीत गेल्या. आता कोणाची उसण भरली तर सगळे पाचवडपर्यंत दवाखान्यात जातात. तिच्या शेजारची सून गरोदर आहे, आठवा चालू आहे, आणि सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसलंय. डॉक्टरांनी तारीखही देऊन ठेवलीय, सिझेरियनची. हल्ली तसंच करतात, बाळ सरळ बसलेलं असलं की वाट बघत नाहीत. आईबाळ दोघंही सुखरूप राहतात, हे आईलाही मान्य आहे. तिने स्वतःच्या डोळ्यांनी जुन्या बाळंतपणांत काय काय पाहिलंय.

पण तिला एक शंका होती, आणि ती तिने पाठ माझ्या हाताखाली असताना विचारली. पोट उघडून काढलेलं पोर पायाळू धरायचं की नाही? पायांनी यायचं त्याने ठरवलं होतं, येऊ दिलं नाही ही त्याची चूक नव्हे. मग त्याच्या पायात ते असेल की नसेल? मी म्हटलं, मला काय माहीत. ती म्हणाली, "तुझ्या त्या पाठीच्या डॉक्टरांना विचार ना एकदा. ते हसणार नाहीत." मी पुढच्या महिन्यात जाणार आहे तेव्हा विचारणार आहे.